स्मृतीचे मूक सोबती

स्नेहलतागंजातील शाळेची घंटा ऐकताच साठ वर्षांपूर्वीचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहतो. ही स्मृती जपते कोण? केवळ चेतापेशी, असे आपण मानीत आलो. त्यांच्या भोवतीच्या पेशींना विर्शो यांनी १८५६ मध्ये ‘ग्लिया’, म्हणजे सरस, असे नाव दिले. परंतु त्यांतील तारकापेशी चेतापेशींना दुग्धाम्लाचे इंधन पुरवितात. २०११ च्या प्रयोगात तो पुरवठा रोखताच उंदीर शिकले, पण शिकलेले टिकेना. २०२४ मध्ये ह्यूस्टन येथे, शिकताना जागृत झालेल्या तारकापेशी पुन्हा चेतविताच उंदरांना परक्या जागीही जुने भय आठवले. मानवावरील उपचार अद्याप दूर आहेत. तथापि आमच्या वयाचा कोणी नाव विसरला, तर त्यास हट्टी म्हणू नये. स्मरण केवळ इच्छेच्या अधीन नसते.