घाटात गिऱ्हाइकाचा फोन आला तर?

महाडहून माल भरून पोलादपूरमार्गे महाबळेश्वरला निघालात की आंबेनळी घाट लागतो. नेमका तिथेच फोन वाजतो, “कुठपर्यंत आलात?”

१ ऑक्टोबर २०२० पासूनच्या केंद्रीय नियमानुसार गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता पाहायला वापरता येतो, तोही लक्ष विचलित न होता. म्हणून आपण स्टँड लावतो, ब्लूटूथ किट घेतो. घ्याच. पण किटने हात मोकळे होतात, डोकं नाही. एका बाजूला दरी, समोरून एसटी, आणि तुम्ही भावात दोन रुपये सोडायचे की नाही यात अडकलेले! असा सौदा धंद्यालाही महागच पडतो.

त्यापेक्षा निघतानाच सांगून टाका, “साहेब, आता घाटात फोन उचलणार नाही, वर पोचलो की करतो.” गिऱ्हाईक तुटत नाही, उलट शब्दाचा माणूस म्हणून ओळखतं.

घाटात रेंज जाते, तेव्हा मॅप महाडलाच डाउनलोड करा, पत्ता टाका, आवाज चालू ठेवा. पावसाळ्यात वरंध घाटाने भोरला जायचं असेल, तर घाट चालू आहे का हे मॅपला नाही, महाडच्या स्टँडवर विचारा.