भोवळ येते, कारण सापडत नाही

मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण घटला की शुद्ध हरपते. पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या गावात उन्हातली कामे, कडक उपवास, रक्तदाबाच्या गोळ्या ही नेहमीची कारणे. तरी तपासणीआधी ती गृहीत धरणे धोक्याचे. ग्रामीण रुग्णालयात आडवे असताना आणि उभे राहिल्यावर ३ मिनिटांत रक्तदाब मोजतात. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर कारण बहुधा तिथेच सापडते. साखर, हिमोग्लोबिन, ईसीजीही हवेच. रुग्णाला पडताना पाहणाऱ्याला सोबत न्यावे. त्याची हकिकत अनेकदा यंत्रापेक्षा जास्त सांगते. श्रमात किंवा झोपून असताना शुद्ध गेली, आधी धडधड झाली, घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हृदयाची शंका घ्यावी. छातीत दुखत असेल किंवा शुद्ध लवकर परतत नसेल, तर कांदा हुंगवत न बसता लगेच १०८ला फोन करावा.