उशीर कुणाला झाला?

शेंद्र्याला एमआयडीसी आल्यापासून कामासाठी बाहेरगावची बरीच कुटुंबं इथं राहायला आली. त्यांच्या मुलांसाठी मी संध्याकाळी अभ्यासवर्ग घेते. चौथीतली एक मुलगी रोज उशिरा यायची. एकदा सगळ्यांसमोर मी तिला बोलले, ‘‘वेळेवर यायचं नसेल तर येऊच नकोस!’’ आणि ती खरंच यायची बंद झाली.

माझ्या ओळखीच्या एक मुख्याध्यापिका बाई आहेत. शाळा सुटली की रोज वहीत दोन ओळी लिहितात. आज माझं काय चुकलं? उद्या काय बदलू? शनिवारी शिक्षकांसोबत बसतात, तेव्हा आधी स्वतःची चूक सांगतात. मग बाकीचेही न घाबरता बोलतात. त्यांच्यापुढे मी त्या मुलीची तक्रार केली. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘तिला उशीर का होतो, हे विचारलंत का हो?’’

मी गप्प! दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेले. आईची सेकंड शिफ्ट. धाकट्या भावाला कडेवर घेऊन पोर दारात उभी. वडील कामावरून आले की मगच तिची सुटका. मला माझीच लाज वाटली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात. ‘यांना शिक्षणाची किंमतच नाही,’ असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. आपलंच कुठं अडतंय, हे त्यांनी पाहिलं आणि बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आत्मपरीक्षण म्हणजे याहून वेगळं काय?

मैत्रिणींनो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा आपल्या, बायकांच्या आहेत. नुसती सही करून परत येऊ नका. दर बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या. कोणतं मूल यायचं थांबलं? आपल्याकडून काय राहून गेलं? उणीदुणी काढायला नव्हे, मूल परत आणायला.

ती मुलगी आता भावाला घेऊनच वर्गाला येते. तो पाटीवर रेघोट्या मारतो, ती पाढे म्हणते. आणि रात्री भांडी आवरली की मीही वही उघडते.