म्हातारपण आणि मागच्या गोष्टी

घरांतील वृद्ध माणूस "आमच्या वेळीं" म्हणून बोलूं लागला कीं, तरुण मंडळी एकमेकांकडे पाहून हंसतात. एके काळीं जाणत्या वैद्यांसहि हें बुद्धि मंदावल्याचें लक्षण वाटे. परंतु अमेरिकन मनोवैद्य रॉबर्ट बटलर यांनीं १९६३ सालीं असें प्रतिपादिलें कीं, मृत्यूची चाहूल लागली म्हणजे माणूस आपल्या आयुष्याचा जमाखर्च पुन्हां तपासतो. तें मनाचें स्वाभाविक कार्य होय.

मग सर्वांच्या आठवणींचा हेतु एकच असतो काय? हें मोजण्यासाठीं कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ जेफ्री वेबस्टर यांनीं १९९३ सालीं ४३ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानांत आठवण काढण्याचें एकेक कारण असतें. त्या कारणासाठीं आपण कितीदां मागें वळतों, तें 'कधींच नाहीं' पासून 'वारंवार' पर्यंतच्या सहा पायऱ्यांवर दाखवावयाचें. एकमेकांशीं जुळणाऱ्या उत्तरांचे गट पाडतां अखेर आठ हेतु ठरले: स्वतःची ओळख पटविणें, आजच्या अडचणीवर तोड काढणें, मृत्यूसाठीं मन तयार करणें, दुसऱ्यास शिकविणें, संभाषण करणें, गेलेल्या प्रियजनांशीं जवळीक राखणें, कंटाळा घालविणें आणि जुनी कटुता उगाळणें.

२००६ सालीं कापेलिए व ओ'रूर्क या संशोधकांनीं दाखविलें कीं, पहिले तीन हेतु मनःस्वास्थ्याबरोबर आढळतात, तर शेवटचे तीन अस्वास्थ्याबरोबर. अर्थात् आठवणींनीं मन खचतें, कीं खचलेलें मनच तशा आठवणी काढतें, हें एवढ्यावरून ठरत नाहीं.

मीं स्वतःस हा प्रश्न विचारून पाहिला. शाळेंतील एका वरिष्ठानें माझ्यावर केलेला अन्याय मी नातवास नेहमीं सांगें, आणि त्यास उपदेश समजें. प्रामाणिकपणें पाहतां ती कटुताच होती. एके दिवशीं नातवानें मध्येंच विचारलें, "आजोबा, मग तुम्ही पुढं काय केलंत?" तेव्हां मला आठवावें लागलें कीं, मीं तो वर्ग सोडला नाहीं, आणि त्या वर्षीं मुलें चांगलीं उत्तीर्ण झालीं. प्रसंग तोच, सांगण्याचा हेतु मात्र पालटला.

म्हणून तरुणांस एवढीच विनंति कीं, वृद्धांची गोष्ट तोडूं नका; "पुढं काय झालं?" असें विचारा. आणि आम्हां वृद्धांनीं बोलण्यापूर्वीं, आपण हें कशासाठीं सांगत आहों, याचा क्षणभर विचार करावा.