फादर, योगासनं आणि वाशीमचा बालाजी

माझा दादा वाशीमला असतो. हुशार, हजरजबाबी, पण संध्याकाळी सातनंतर कुणाचाच नाही. ‘त्याला वसईला कृपा फाउंडेशनमध्ये ठेवू,’ म्हटल्यावर आई म्हणाली, “फादर लोकाइकडं? धर्म त नाही ना बदलवत थे?” हसू नका, मलाही तीच धाकधूक होती.

अकोल्यापर्यंत एसटी, पुढे विदर्भ एक्स्प्रेस. रात्रभर दादाचे हात थरथरत होते.

‘कृपा’ ही संस्था फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून सुरू केली. ते स्वतः दारूतून सावरलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. (२००९ साली पद्मश्रीही.) म्हणून तिथे चक्क योगासनं! जोडीला ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या बारा पायऱ्या. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीत देव आहे, पण ज्याच्या त्याच्या समजुतीचा. दादाने आपला वाशीमचा बालाजी धरला. आई निवांत.

खरी अवघड नववी पायरी. ज्यांना दुखावलं, त्यांची भरपाई करायची. घरी आल्यावर दादाने वही उघडली. यादीत मी तिसरा. माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे त्याने उडवले होते.

“जाऊ दे ना,” मी म्हटलं.

“तू सोडशील बे. मले नाही सोडता येत.”

दर महिन्याला तो पाचशे रुपये पाठवतो. माझ्या एका शुक्रवारच्या बिलापुढे ते काहीच नाहीत. पण मी नको म्हणत नाही.