स्वस्ताईचे गाव आणि आपला खर्च

मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेला पाहुणा आमच्या घरी दोन दिवस राहिला की एक वाक्य हमखास बोलतो : "तुमच्याकडे काय, सगळी स्वस्ताई!" माझे बालपण धुळ्यात गेले, नोकरीची वर्षे जळगावात गेली. हे वाक्य मी दोन्ही गावांत ऐकले. आता ते आपले कार्यकर्तेही बोलू लागले आहेत. म्हणून ते तपासून पाहिले पाहिजे.

पाहुणा अगदीच खोटे बोलत नाही. रावेर-यावलची केळी आणि बामणोदची भरिताची वांगी जळगावच्या बाजारात दारात आल्यासारखी येतात. खोलीचे भाडे मुंबईच्या मानाने थोडे, कामावर जायला लोकलचा दीड तास नाही. पण कसारा घाट ओलांडला म्हणून औषधाच्या पाकिटावरची छापील किंमत उतरत नाही. परीक्षेची फी, मोबाईलचे रिचार्ज यांनाही खानदेशासाठी वेगळा दर नाही. शेतात पिकते ते स्वस्त, कारखान्यातून येते ते सगळीकडे सारखे, आणि मजुरी मात्र कमी. स्वस्ताईचा पहिला अर्थ हा आहे : आपले श्रम स्वस्त आहेत.

महागाई निर्देशांकाबद्दल आपल्या सभांत एक चूक वारंवार होते. दोन गावांचे निर्देशांक शेजारी ठेवून 'हे गाव स्वस्त, ते महाग' असे सांगितले जाते. निर्देशांक हे सांगतच नाही. ठरावीक वस्तूंची एक टोपली घ्यायची, पायाभूत वर्षात तिची किंमत १०० धरायची आणि नंतर तीच टोपली कितीने महागली ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. प्रत्येक गावाचे १०० वेगळे असतात. जळगाव गिरणीचे गाव. म्हणून राज्याच्या कामगार खात्याच्या नियतकालिकात मुंबई, सोलापूर, नागपूर यांच्याबरोबर जळगावचाही आकडा छापला जात असे. त्यावरून जळगावात किती महागले ते कळे. जळगावचा कामगार पोटभर जेवला की नाही ते कळत नसे.

शिवाय टोपली कोणाची? केंद्राचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, मोटार वाहतूक, वीज आणि बंदरे या सात क्षेत्रांतील कामगारांच्या खर्चावर उभा आहे. त्यात अन्नाचा वाटा २००१च्या मालिकेत ४६.२० टक्के होता, २०१६च्या मालिकेत तो ३९.१७ टक्के झाला. बांधकामावरची बाई, घरकाम करणारी मावशी, कचरा वेचणारी मुलगी या सात क्षेत्रांत बसत नाहीत. त्यांच्या घरी धान्य-तेल भरल्यावर हातात काय उरते, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ज्या घरात अन्नाचा वाटा मोठा, त्या घराला ज्वारी-डाळीची भाववाढ सरासरीपेक्षा जास्त भाजते. त्यात हातात रोजचा पैसा, म्हणून तेल पावशेर-छटाकाने घ्यायचे. पंधरा किलोचा डबा घेणाऱ्यापेक्षा आपल्याला तेच तेल महाग पडते. गरिबीलाही असा भाव द्यावा लागतो.

मग माणसाला जगायला किती लागते, हे कोणी ठरवले आहे काय? ठरवले आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, एप्रिल १९४६ मध्ये, किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले. कायदा १९४८ मध्ये झाला. १९५७च्या भारतीय श्रम परिषदेने हिशेब घालून दिला : एका कमावत्यामागे खाणारी तीन माणसे (चौघांचे कुटुंब प्रौढाच्या मापाने तीन), वर्षाला ७२ वार कापड, किमान जागेचे भाडे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळीसाठी वीस टक्के. या हिशेबात मुलांची पुस्तके नव्हती, दवाखाना नव्हता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्न यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जगण्याचा खर्च मोजणे म्हणजे जगणे कशाला म्हणायचे ते ठरवणे. १९५७च्या माणसाला जेवण, कापड आणि दिवा होता. १९९१च्या माणसाला मूल शिकवण्याचा हक्क मिळाला.

या व्याख्येतही आपला एक खर्च अजून आलेला नाही. जळगावात नोकरी लागली तेव्हा मी कामाच्या जवळ खोली पाहत होतो. भाडे ठरले, किल्ली दाखवली गेली आणि मग घरमालकाने विचारले, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितले. "मूळ गाव कोणतं?" तेही सांगितले. दुसऱ्या दिवशी खोली 'भाच्याला' दिलेली होती. अशा तीन भाच्यांनंतर मी रेल्वेरुळांपलीकडे, दूरच्या वस्तीत राहिलो. समजा, जाण्यायेण्याचे रोज ४० रुपये जास्त लागले, तर पंचवीस दिवसांचे १००० होतात. सरकारी कागदावर हा खर्च 'प्रवास' या सदरात जाईल. माझ्या वहीत त्याचे नाव जात आहे.

पैसे असूनही वस्तू न मिळणे खानदेशाला नवे नाही. १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब धुळ्याकडे आले होते. परतताना ते चाळीसगावला उतरले. भाडे द्यायला लोक तयार होते, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच माणूस पुढे बसला. नदीवरच्या मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. वस्तीतल्या लोकांनी भाड्याचा एक पैसाही बुडवला नव्हता. त्या टांग्याची खरी किंमत कोणत्या दरपत्रकात होती?

राहणीमानाचा विचार इथून सुरू केला पाहिजे. नळाला काही दिवसांआड पाणी येते तेव्हा गच्चीवर टाकी असलेल्याचा दिवस बुडत नाही. पत्र्याच्या घरात पिंपाजवळ थांबणाऱ्या बाईची मजुरी बुडते. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याखालची दुपार हाही खर्चच असतो. तो दवाखान्यात भरावा लागतो. मोठे दुखणे आले की नाशिक-मुंबईची वाट, आणि त्या वाटेवर सोने नाहीतर सावकार.

छोट्या गावाने आपल्याला काहीच दिले नाही असे मी म्हणणार नाही. अडचणीत वस्ती धावून येते. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, जिथे १९३७ मध्ये बाबासाहेब थांबले होते, माणसे जमतात तेव्हा आपण एकटे नाही हे कळते. ही श्रीमंती मी मोजतो. पण तिच्या नावावर कमी मजुरी खपवून घेणे मला मान्य नाही.

म्हणून शिक्षक-विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवतो. आपल्या वस्तीतली दहा घरे घ्या, एक महिना वही ठेवा. पहिल्या रकान्यात खर्च झालेले पैसे. दुसऱ्यात पाणी, रेशन, दवाखाना यांच्या रांगेत गेलेले तास आणि बुडालेली मजुरी. तिसऱ्यात पैसे असून मिळाले नाही ते : खोली, नोकरी, मान. पहिला रकाना पाहुण्याला दाखवा, तो म्हणेल स्वस्ताई आहे. मग बाकीचे दोन रकाने त्याच्यापुढे ठेवा आणि एकूण बेरीज त्यालाच करायला सांगा.