रात्रपाळी आणि रजेचा तक्ता

साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीत रात्री दहाला कामावर आलेला कामगार सकाळी सहाला बाहेर पडतो, तेव्हा तारीख बदललेली असते. मग त्याची हजेरी कोणत्या दिवशी मांडावी? गाझियाबादेतील लहान कारखानदाराच्या रजानोंदींचा घोळ पुष्कळदा इथूनच सुरू होतो. कायद्याने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ५७ नुसार मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात मोजले जात, आणि पूर्ण दिवसाची सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनेही हाच दंडक ठेवला. तेव्हा पाळी ज्या तारखेला सुरू झाली, तीच तारीख तक्त्यात लिहावी.

दुसरी अडचण संगणकाची. एक्सेलमधील ‘नेटवर्कडेज’ हे सूत्र शनिवार-रविवार सुट्टी धरून चालते. ते कचेरीसाठी ठीक. पण दोन दिवस सकाळ, दोन दिवस दुपार, दोन दिवस रात्र आणि दोन दिवस सुट्टी अशा आठ दिवसांच्या चक्राला आठवड्याचे वार ठाऊकच नसतात. येथे ‘मॉड’ हे सूत्र उपयोगी पडते. तारखेतून चक्राची पहिली तारीख वजा करावी व आलेल्या आकड्याला आठने भागावे. बाकी ० वा १ उरली तर सकाळ, २ वा ३ दुपार, ४ वा ५ रात्र, ६ वा ७ सुट्टी. चार तुकड्यांच्या आरंभतारखा दोन-दोन दिवसांनी पुढे ठेवल्या की सबंध वर्षाचे वेळापत्रक एका पानावर उभे राहते.

हे गणित निव्वळ हौसेचे नाही. दहा दिवस गावी जाणाऱ्या कामगाराची रजा चक्राच्या पहिल्या सकाळपाळीपासून सुरू झाली तर आठ रजा खर्ची पडतात; सुट्टीच्या पहिल्या दिवसापासून झाली तर सहाच. रजेच्या मधल्या वा दोन्ही टोकांच्या सुट्ट्या रजेत धरू नयेत, असे जुन्या अधिनियमाचे कलम ७९ सांगत असे. सरसकट दहा रजा कापणारा कारकून, नकळत का होईना, कामगाराच्या भरपगारी दिवसांवर हात मारतो. वीस दिवसांच्या कामामागे एक रजा हे प्रमाण नव्या संहितेतही तेच आहे. पात्रतेची अट मात्र २४० दिवसांवरून १८० वर आली. जुने तक्ते वापरणाऱ्यांनी हा आकडा आधी बदलावा.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्ट्या वेगळ्या पानावर ठेवाव्यात. शिवाय प्रत्येक तारखेपुढे, त्या दिवशी प्रत्येक तुकडीतील किती जण रजेवर आहेत हे ‘काउंटइफ’ सूत्राने मोजणारा रकाना हवाच. येथील कितीतरी कामगार बिहार व पूर्वांचलाचे. छठपूजेला सारेच एकदम निघतात. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. रजेचे अर्ज त्याच्या आठवडाभर आधी मागवून तो रकाना सूचनाफलकावर लावला, तर तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वीच ज्याला त्याला होय-नाही कळते.